काळ्या मातीत निभावणारे गुलाब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गणपती उठले की आमच्या टपालात गुलाबांची पत्रे वाढतात. पावसाने झोडपलेली झाडे डोळ्यांसमोर असतात आणि नर्सरीत नवा माल यायला महिनाभर उरलेला असतो. यंदाच्या पत्रांत एकच मागणी पुन्हा पुन्हा आली आहे: औषधे मारून थकलो, इंदूरच्या हवेत आपणहून तग धरतील असे गुलाब सांगा. असे गुलाब आहेत. लावून विसरून जावे असा एकही नाही, पण गुलाबाच्या बहुतेक तक्रारी झाड निवडतानाच टाळता येतात. निवडताना आधी खुंट (कलमाखालचे, मुळांचे झाड) बघावा, मग पान आणि शेवटी फूल. आपण नेमके उलटे करतो.

प्रश्न : मागच्या डिसेंबरात तीन गुलाब आणले. एक पिवळा, एक लाल-पिवळा दुरंगी, एक नारिंगी. जानेवारीत फुलं बघायला शेजारी यायचे. श्रावण लागला आणि पानांवर काळे डाग आले, मग पानं पिवळी होऊन गळली. आता नुसत्या काड्या उरल्यात. दर आठवड्याला बुरशीनाशक मारत होतो. चुकतंय कुठे? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : फवारणीत थोडे चुकले आहे, पण मूळ चूक खरेदीची. आपल्याकडे गुलाबाच्या वर्षभरात तीन परीक्षा होतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस, आणि त्यातही सरींपेक्षा जास्त त्रासदायक ती दिवसदिवस चालणारी झड. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री गार आणि दुपारी ऊबदार. एप्रिल-मे महिन्यांत चाळीसच्या वर जाणारा कोरडा पारा. डिसेंबरात नर्सरीत दिसणारे टवटवीत झाड यांपैकी पहिली आणि तिसरी परीक्षा द्यायला अजून बसलेलेच नसते. म्हणून ऑगस्टच्या शेवटी ओळखीच्यांच्या अंगणांतून, सार्वजनिक बागांतून एक चक्कर मारा. ज्या गुलाबावर तेव्हाही गुडघ्याच्या उंचीपर्यंत पाने आहेत, तो तुमचा गुलाब. रंग मग त्यातून निवडा.

तुमच्या झाडांना झालेला रोग म्हणजे काळा ठिपका. ही बुरशी पानावर उतरली तरी लगेच आत शिरत नाही. पान साधारण सात तास सलग ओले राहिले तरच तिला रुजता येते. झडीच्या दिवसांत पान चोवीस तास ओलेच असते. आठवडा-दहा दिवसांत डाग दिसतो, आणि त्या डागातले बीजाणू पावसाच्या शिंतोड्याने शेजारच्या पानावर जातात. डाग दिसल्यावर मारलेले औषध ते पान बरे करत नाही, फक्त पुढची पाने वाचवते. ती फवारणीही दुसऱ्या दिवशीच्या पावसाने धुऊन गेली तर काहीच वाचवत नाही.

आता रंगाकडे. तुम्ही आणलेले तिन्ही रंग एकाच घराण्यातले आहेत. आधुनिक गुलाबांत गडद पिवळा रंग आला तो इराणकडच्या कोरड्या मुलखातल्या ‘रोझा फेटिडा’ या रानगुलाबाकडून. फ्रान्समधल्या लियोंच्या पेर्ने-दुशे यांनी 1900 साली त्या रक्ताचा ‘सोलेय दॉर’ बाजारात आणला, आणि आजचे बहुतेक गडद पिवळे, नारिंगी, लाल-पिवळे गुलाब त्याच वंशातले. कोरड्या मुलखातल्या त्या पूर्वजाला काळ्या ठिपक्याशी झुंजण्याची वेळच आली नव्हती. तो दुबळेपणा रंगाबरोबर खाली उतरत गेला. 1945 चा प्रसिद्ध ‘पीस’, त्याच्या वंशातला 1960 चा नारिंगी ‘सुपर स्टार’, दोघेही आपल्या पावसात पाने टाकतात. सगळे पिवळे सारखेच नाजूक नसतात, पण ज्यांना फवारणी नको त्यांनी पिवळ्यापासून सुरुवात करू नये.

मग लावायचे काय? सगळ्यात बिनघोर जुने चायना गुलाब, विशेषतः फिकट गुलाबी ‘ओल्ड ब्लश’. या गटाला थंडीची झोप लागत नाही, बाराही महिने थोडी थोडी फुले येतात आणि काही पाने गेली तरी झाड लगेच नवी काढते. फूल लहान आणि सैल असते, फुलदाणीत दिमाख दाखवत नाही, हे आधीच मान्य करून लावा. त्याच रक्ताचा ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ (1897) गर्द लाल, सुवासिक, झुबक्यांनी येणारा. नर्सरीत त्याच्या नावाची हजार रूपे होतात, तेव्हा खाली झुकणारी लाल फुले आणि तांबूस कोवळी पालवी ही खूण धरा. इंदूरमध्ये एकच गुलाब लावायचा असेल तर आमचे मत याला. थंडीत थोडी भुरी (पानांवरची पिठासारखी पांढरी बुरशी) येते, झाड ती मनावर घेत नाही.

ज्यांना भरीव फूल हवे त्यांच्यासाठी ‘क्वीन एलिझाबेथ’ (1954). गुलाबी, उंच, दोन मीटरपर्यंत जाणारा, म्हणून भिंतीकडेला लावावा. लांब दांड्याच्या लाल फुलासाठी ‘ग्लॅडिएटर’ (1955). फुलांच्या शेतीत उघड्यावर वर्षानुवर्षे टिकला यातच त्याची परीक्षा झाली आहे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी दिल्लीत तयार केलेला ‘दिल्ली प्रिन्सेस’ झुबक्यांनी फुलणारा गडद गुलाबी आहे, आणि इथल्या मैदानी हवेतच जन्मलेला असल्याने उन्हाचे नखरे करत नाही. अमेरिकेत विल्यम रॅडलर यांनी मुद्दाम काळ्या ठिपक्याला दाद न देणारा म्हणून घडवलेला ‘नॉकआऊट’ 2000 साली आला. तो मिळाला तर कुंपणाकडेला उत्तम, मात्र वास जवळजवळ नाही. पांढऱ्यात ‘आइसबर्ग’ (1958) घ्या. पावसात त्याची खालची पाने जातात, पण ऑक्टोबरात झाड पुन्हा भरते.

तुमची तीन झाडे लगेच उपटू नका. जमिनीवर पडलेले प्रत्येक पान गोळा करून कचऱ्यात द्या, खड्ड्यात घालू नका. काड्यांना आत्ता कात्री लावू नका, छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर. पुढच्या वर्षी पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात करा: मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम, चिकटद्रव्य अर्धा मिली, पानांच्या खालच्या बाजूनेही. पुढे उघडीप बघून दर आठ-दहा दिवसांनी, आणि दर तिसऱ्या वेळी कार्बेन्डाझिम लिटरला एक ग्रॅम. फवारताना तोंडावर रुमाल आणि हातात मोजे हवेतच. एवढे करूनही पुढच्या भाद्रपदात काड्याच उरल्या, तर मात्र झाड बदला. दोन झाडांत 75 ते 90 सेंमी अंतर आणि सकाळचे ऊन ही या रोगावरची सगळ्यात स्वस्त औषधे, कारण पान लवकर वाळते.

प्रश्न : आमच्या गुलाबाची नवीन पानं पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्या. सासूबाई कॅल्शियम मिळावं म्हणून अंड्यांची टरफलं घालतात, कधी चुन्याची निवळी. पाणी बोअरिंगचं आहे. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकला की चार दिवस बरं वाटतं, परत तेच. माती काळी. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : हा लोहाचा उपवास आहे, आणि तो भरल्या ताटासमोर घडतो आहे. माळव्याच्या काळ्या मातीत लोह भरपूर आहे, पण माती चुनखडीची आणि अल्कधर्मी असल्याने मुळांना ते विरघळलेल्या रूपात मिळत नाही. खात्री करायची तर चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसले तर मातीत मोकळा चुना आहे. चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर धरत असेल तर पाणीही जड आहे, म्हणजे रोज पाण्यातूनही थोडा चुना जातो.

सासूबाईंचा जीव झाडावर आहे, तेव्हा त्यांना एवढेच सांगा की या मातीला कॅल्शियमची कधीच कमतरता नव्हती, टरफले टोमॅटोच्या कुंडीला द्यावीत. चुन्याची निवळी आजपासून बंद. हाडांचे खतही नको, ते अशा मातीत विरघळतच नाही, नुसते पडून राहते. मातीत टाकलेला हिराकस चार दिवसांत गंजासारखा होऊन बसतो, म्हणून तुमचा गुण चारच दिवसांचा. तोच हिराकस पानावर द्या: लिटरभर पाण्यात आधी एक ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक आम्ल), मग पाच ग्रॅम हिराकस, सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. द्रावण ताजे वापरा. ते तांबूस झाले की उपयोग संपला. मातीतून द्यायचे असेल तर चिलेटेड लोह (मातीत अडकून न पडणाऱ्या रूपातले) घ्या, पण पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलेच. ‘ईडीटीए’ प्रकार स्वस्त असतो, आपल्या मातीत टिकत नाही. मोठ्या झाडाला तीन ते पाच ग्रॅम, लिटरभर पाण्यात, ओल्या मातीत, संध्याकाळी.

हे झाले आजचे. पण एकाच अंगणात एक गुलाब पिवळा पडतो आणि शेजारचा हिरवागार राहतो, याचे कारण बहुतेक वेळा खुंटात असते. नर्सरीतला गुलाब म्हणजे दोन झाडे: खाली खुंट, वर डोळा (फांदीवरचा कोंब) भरून कलम केलेली जात. ‘रोझा मल्टिफ्लोरा’ हा खुंट सोपा, बिनकाट्याचा मिळतो, म्हणून लोकप्रिय. पण त्याला आम्लधर्मी हलकी माती आवडते, चुनखडीत तो लोह उचलू शकत नाही. ‘रोझा इंडिका’ म्हणून ओळखला जाणारा खुंट अल्कधर्मी माती सहन करतो आणि उत्तरेकडच्या मैदानी भागात तोच जास्त चालतो. ओळखायचे कसे? जोडाखालून एखादी फूट आली असेल तर पानाच्या देठाचे बूड बघा. तिथली दोन चिमुकली उपपर्णे झालरीसारखी, फणीच्या दात्यांसारखी कातरलेली असतील तर तो मल्टिफ्लोरा. नर्सरीवाल्याला खुंट विचारा. त्याला माहीत नसेल, तर स्वतःच्या मुळांवर वाढणारी काडीची रोपे घ्या. ओल्ड ब्लश, ग्रुस आन टेप्लिट्झ, एडवर्ड (बारमासी देशी गुलाब, त्याच्याबद्दल पुढच्या उत्तरात) हे तिन्ही काडीने सहज लागतात.

नवे झाड लावताना खड्ड्यापेक्षा वाफा बरा. ‘मालव धरती गहन गंभीर’ ही आपल्याकडची जुनी ओळ. ती गहन माती गव्हाला मानवते, गुलाबाला पावसाळ्यात गुदमरवते. पाणी प्यायली की फुगते, तिच्यातली हवेची छिद्रे बंद होतात, आणि घोट्याएवढ्या खोलीवर मुळे कुजू लागतात. म्हणून जमिनीच्या वर 25 ते 30 सेंमी उंच वाफा करा. दोन भाग जागेवरची माती, दोन भाग चांगले कुजलेले कंपोस्ट, एक भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम. बारीक वाळू मुळीच नको, काळ्या मातीत ती मिसळली की वीट तयार होते.

कंपोस्टसाठी तर आपल्याला गावाबाहेर पाहायचीही गरज नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काम करून जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच शिकवतात. पालापाचोळा-काडीकचरा आयतनाने तीन भाग, शेणगोठ्याचा भाग एक, वर चिमूटभर माती आणि राख, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. तीन महिन्यांत तीनदा पलटी. गुलाबासाठी त्यातली राख मात्र वगळा, तीही अल्कधर्मी असते. ज्या शहराचे नाव त्या खताला मिळाले, तिथल्या गुलाबाला विकतचे रंगीत दाणे लागावेत याचे खरोखर वाईट वाटते.

प्रश्न : देवाला रोज फूल लागतं, शिवाय घरचा गुलकंद करायचा आहे. ‘देशी गुलाब’ म्हणून आणलेलं झाड वर्षातून एकदाच, तेही जेमतेम फुलतं. फसवणूक झाली का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : नाही. देशी या एका नावाखाली दोन वेगळे गुलाब विकले जातात. तुमचा बहुधा चैती, म्हणजे दमास्क. कनौज, हसायन, पुष्करकडे अत्तर-गुलाबजलासाठी लावतात तो. तो मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलतो. तुम्ही ऑक्टोबरात इतर गुलाबांबरोबर त्याचीही छाटणी करत असाल, तर फुले तिथेच कापली जातात. चैतीची छाटणी फुलोरा संपल्यावर, एप्रिलअखेर करा. तरीही इंदूरची थंडी त्याला अपुरीच पडते, तेव्हा भरघोस फुलांची आशा धरू नका.

तुम्हाला हवा तो दुसरा, बारमासी, म्हणजे ‘एडवर्ड’. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चायना आणि दमास्क यांच्या संकरातून झालेला हा गुलाब. चायनाकडून त्याने बारमाही फुलणे घेतले आणि दमास्ककडून वास. दोन झाडांत रोजच्या देवपूजेची सोय होते. गुलकंदाला मात्र सहा-सात झाडे हवीत, किंवा जोडीला ग्रुस आन टेप्लिट्झ. पाकळ्या सकाळी दव वाळल्यावर लगेच तोडा, वजनाइतकी ते दीडपट खडीसाखर, काचेच्या बरणीत थरावर थर, तीन ते चार आठवडे उन्हात. एक अट कडक पाळा: ज्या झाडाच्या पाकळ्या पोटात जाणार, त्यावर कोणतेही रासायनिक औषध नाही. फुलबाजारातला गुलाब म्हणूनच गुलकंदाला वापरू नये.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी. दहा इंची गमल्यात लावलेले मोठ्या फुलांचे गुलाब मे महिन्यात जळतात, कळ्या न उमलता काळ्या पडतात. (विजयनगर, इंदूर)

उत्तर : दोन तक्रारी वेगळ्या आहेत. झाड जळते ते मुळे तापल्याने. दुपारनंतरचे ऊन थेट कुंडीच्या अंगावर येते, काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर आतली माती हात लावता येणार नाही इतकी तापते. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, पुढच्या रांगेवर पोते गुंडाळा, एप्रिलपासून पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा. पाणी सकाळी लवकर भरपूर, तळातून बाहेर येईपर्यंत. संध्याकाळी माती बोटभर खोल कोरडी वाटली तरच पुन्हा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठवू नका.

कळ्या काळ्या पडतात त्या बहुतेक फुलकिड्यांनी. कळी उलगडून पांढऱ्या कागदावर आपटा, धाग्याच्या तुकड्यासारखे पिवळसर किडे चालताना दिसतील. ते पांढऱ्या, फिकट, सुवासिक फुलांकडे आधी जातात. म्हणून पश्चिमेच्या बाल्कनीत गडद गुलाबी किंवा लाल बरा. काळपट मखमली लाल मात्र नको, त्याच्या पाकळ्यांच्या कडा उन्हाने करपतात. मे महिन्यात फुलांचा हट्ट सोडा, कळी वाटाण्याएवढी झाली की खुडा. त्यात किड्यांची घरटीच जातात आणि झाडाची ताकद वाचते. जास्त झाले तर निंबोळी अर्क लिटरला पाच मिली, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने. पानाच्या खालून बारीक जाळे दिसले तर ते लाल कोळी. त्यांच्यावर सकाळी पाण्याची जोरदार फवार पानांच्या पाठीवर मारणे हे कोणत्याही औषधाइतके चांगले. गंधक उन्हाळ्यात वापरू नका, पस्तिसाच्या वर पाने भाजतात.

जात बदलणे हा खरा उपाय. बटन गुलाब आणि झुबक्यांचे पॉलिअँथा, उदाहरणार्थ ‘द फेअरी’ (1932), दहा-बारा इंची कुंडीत वर्षे काढतात. मोठ्या फुलांच्या गुलाबाला चौदा इंच रुंद आणि तितकीच खोल कुंडी लागते, त्याहून लहान कुंडीत तो उन्हाळ्यात पाण्यालाच पुरा पडत नाही. मिश्रणात काळी माती एक चतुर्थांशाहून जास्त नको. दर दीड-दोन वर्षांनी ऑक्टोबरात झाड काढून बाहेरची मुळे दोन बोटे छाटा आणि नवी माती भरा.

प्रश्न : पुण्याची मावशी म्हणते छाटणी जून आणि ऑक्टोबर अशी दोनदा करायची, दिल्लीचा भाऊ म्हणतो फक्त ऑक्टोबर. इंदूरवाल्यांनी कोणाचं ऐकावं? (तिलकनगर, इंदूर)

उत्तर : मोठ्या छाटणीसाठी भावाचे. 10 ते 25 ऑक्टोबर, पाऊस पूर्ण थांबल्यावर. तिथून साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांत फुले येतात, म्हणजे डिसेंबरचा पहिला पंधरवडा. मोठ्या फुलांच्या जातीत चार-सहा जाडजूड फांद्या ठेवून बाकीच्या बुडापासून काढा, ठेवलेल्या 40-45 सेंमीवर. झुबक्यांच्या जाती 60 सेंमीवर. चायना आणि त्याच्या भाऊबंदांना इतके कापू नका, शेंड्याचा तिसरा हिस्सा पुरे, नाहीतर ते रुसतात आणि महिनोन्महिने उभारी धरत नाहीत. जूनमध्ये फक्त वाळकी, आडवी, आत वळलेली काडी काढा. त्या वेळी जोरात छाटले तर कोवळी फूट जमिनीलगत येते, चिखलाचे शिंतोडे उडतात आणि काळ्या ठिपक्याला आयते घर मिळते.

काप बाहेरच्या डोळ्याच्या अर्धा सेंमी वर, थोडा तिरपा. पेन्सिलीपेक्षा जाड प्रत्येक कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटरमध्ये, शंभर ग्रॅम चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडाचे नको. हे टाळले की फांदी वरून काळी पडत खाली सुकत येते, आणि हीच मर इंदूरमध्ये काळ्या ठिपक्यापेक्षा जास्त झाडे नेते. सुकू लागलेली फांदी आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली कापत जा. गाभ्यात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी खाली. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. कात्रीला धार नसेल तर फांदी चिरडते आणि रोग तिथूनच शिरतो.

काही जण छाटणीआधी मुळे उघडी करून झाडाला ताण देतात. काळ्या मातीत हे करू नये. ती वाळताना भेगाळते आणि मुळे आपोआप तुटतात. ताणाची वेगळी गरजच नाही.

छाटणीनंतर झाडाला पाच किलो कंपोस्ट आणि शंभर ग्रॅम निंबोळी पेंड, वरच्या मातीची हलकी खुरपणी, भरपूर पाणी. पंधरा दिवसांनी लालसर फूट दिसली की शेणाची पातळ स्लरी, आठवड्याला एकदा.

प्रश्न : वास हवाच, पण औषध नको. एक नाव सांगा. (स्नेहनगर, इंदूर)

उत्तर : एडवर्ड किंवा ग्रुस आन टेप्लिट्झ. ‘पापा मेयाँ’ (1963) आणि ‘डबल डिलाइट’ (1977) यांचा वास अप्रतिम, पण दोघांनाही आपल्या थंडीत भुरी लागते. भुरीला काळ्या ठिपक्यासारखे ओले पान लागत नाही, उलट कोरड्या पानावर गार रात्री ती फोफावते, म्हणून जानेवारीत कोवळ्या पानांवर पीठ शिंपडल्यासारखे दिसते. त्यांचा मोह आवरत नसेल तर सकाळचे ऊन आणि मोकळा वारा असलेली जागा द्या आणि हिवाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा पाण्यात विरघळणारे गंधक, लिटरला दोन ग्रॅम. वर्षाला आठ फवारण्या. पटत असेल तरच लावा.

प्रश्न : निळ्या गुलाबाचं बी ऑनलाइन मिळतं, ते लागेल का? (राजवाडा परिसर, इंदूर)

उत्तर : नाही. बियांपासून उगवलेला बागेतला गुलाब आईसारखा निघत नाही, आणि निळ्या गुलाबाची झाडे बाजारात नाहीत. जपानमध्ये जनुक बदलून केलेला एक गुलाब 2009 साली विक्रीला आला, तोही प्रत्यक्षात फिकट जांभळा. पैसे वाचवा.

प्रश्न : नर्सरीत झाड निवडताना नेमकं काय बघायचं? गेल्या वर्षीची चार झाडं महिनाभरात गेली. उपटल्यावर मुळांशी घट्ट चिकणमातीचा गोळा निघाला. (सुखलिया, इंदूर)

उत्तर : त्या गोळ्यानेच झाडे गेली. बंगालकडून येणारी रोपे वाहतुकीसाठी चिकणमातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. गोळा तसाच कुंडीत ठेवला की बाहेरची माती ओली दिसते, गोळ्यात मात्र पाणी शिरत नाही, किंवा शिरले की सुटत नाही. दोन्हीकडून मूळ मरते. असे रोप ऑक्टोबरअखेर ते जानेवारीतच घ्या. बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बाहेरची माती बोटांनी हलकेच सुटते तेवढी सोडवा, मध्यातली मुळांना धरून बसलेली ओढू नका. लावल्यावर दहा दिवस सावली, मग सकाळचे ऊन. पहिला महिना कोणतेही रासायनिक खत नाही, आणि आलेली पहिली कळी खुडायची.

निवडताना फूल बघू नका, ते उमललेले नसलेलेच बरे. जोड बघा. डोळा भरलेल्या जागेला फुगीर, पूर्ण बुजलेली गाठ हवी. प्लास्टिकची पट्टी मांसात रुतली असेल तर ते रोप सोडा. जोडाच्या वर निदान दोन-तीन हिरव्या, पेन्सिलीइतक्या जाड फांद्या हव्यात. काडीवर पांढुरके खवले चिकटलेले असतील तर ती खवले कीड, तुमच्या सगळ्या बागेत पसरेल. खालची पाने तपासा. ‘डच’ या नावाने विकली जाणारी लांब दांड्याची झाडे घेऊ नका. ती पॉलीहाऊसच्या फुलशेतीसाठी आहेत, उघड्या अंगणात पहिल्याच पावसात त्यांची पाने जातात.

लावताना जोड जमिनीच्या दोन बोटे वर राहू द्या, काळ्या मातीत तो पुरला की कुजतो. आणि जोडाखालून येणारी फूट कात्रीने कापू नका, कापली की एकीच्या चार होतात. माती बाजूला सारून ती जिथून निघते तिथून खाली ओढून काढा. सात पानांची फांदी म्हणजे खुंटाची, असे पुष्कळ जण सांगतात. त्यावर विसंबू नका, चांगल्या जातींनाही सात दले येतात. फांदी कुठून निघाली आहे, एवढेच बघा.